टेबलाखालची जागा

मी एक जुने, जाडजूड टेबल आहे. मित्रांनो, सुताराने मला घडवले तेव्हा घरचे लोक म्हणाले होते, "अहो, हे दारातून आत तरी येईल का?" तिरके करून कसेबसे आत आणले, तेव्हापासून मी एकाच खोलीत आहे. माझ्यावर भाजी चिरली गेली, कपडे बेतले गेले. पुढे धाकट्या मुलीच्या दम्याने उचल खाल्ली, शाळा सुटली, आणि आईने दोन्ही मुलांना घरीच शिकवायला घेतले. मग मी शाळा झाले.

त्या मुलीला सगळे भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी बसत नसे. आई पूर, वादळे, वीज कशी पडते हे सगळे समजावून सांगे. भूकंपाच्या धड्याला मात्र ती पुस्तक मिटून म्हणाली, "चला, टेबलाखाली! डोकं झाका, पाय घट्ट धरा." मुले खिदळत माझे पाय धरून बसली.

"आणि आजोबा?" भिंगरीने विचारले.

"माझे गुडघे काही वाकायचे नाहीत बाई," आजोबा हसले. "मी आपला वरून देखरेख करतो."

आई हसली नाही. तिने त्यांची खुर्ची आतल्या भिंतीशी नेली आणि हाताशी उशी ठेवली. समोरचे उंच कपाट भिंतीला पक्के करायला ती बाबांना कितीदा तरी म्हणाली होती. बाबा म्हणत, "करतो गं, सवड मिळू दे."

ती सवड मिळालीच नाही. एका दुपारी आई दुकानात गेली असताना जमीन घरघरली. भिंतीवरचे घड्याळ खाली आले. मोठा भाऊ जागीच थिजला. भिंगरीने त्याचा सदरा धरून त्याला खाली ओढले आणि ओरडली, "आजोबा, उशी!"

पुढच्याच क्षणी कपाट माझ्यावर कोसळले. माझा एक पाय तडकला, पण मी उभे राहिले. कपाटाची एक फळी निसटून आजोबांच्या खांद्यावर बसली. डोके उशीखाली होते, म्हणून ते वाचले. तो हात मात्र पुन्हा कधी वर गेला नाही.

आई धावत आली. कपाटाच्या फुटलेल्या काचा उपसताना तिचे हात रक्ताने भरले. मुलगा बाहेर आला. भिंगरी आली नाही. दुसऱ्या दिवशीही ती माझ्याखालीच बसून राहिली. शेवटी आई पुस्तके घेऊन सरपटत आत शिरली.

"आज वर्ग इथेच."

"आई, पुन्हा होईल?"

आई खोटे बोलली नाही. "होईल. लहान लहान धक्के येतील. तेव्हा काय करायचं, ते तुला माझ्याइतकंच येतं."

तेवढ्यात एक धक्का आलाच. दोघींनी माझा एकेक पाय धरला. सारे थांबल्यावर भिंगरी हळूच म्हणाली, "आई, तू डोकं झाकलं नाहीस," आणि आपणहून बाहेर आली.

बाबांनी माझ्या पायाला लोखंडी पट्टी ठोकली. कपाटही भिंतीला आवळले.

मित्रांनो, मला रंग नका देऊ, चकचकीत नका करू. फक्त माझ्याखाली पसारा कोंबू नका. आणि तुमच्या घरात ज्याला वाकता येत नाही, त्याची जागा सगळ्यांच्या आधी ठरवा.