शेजारच्या सीटखालचा ब्रेक

त्यांना सगळे जपून मास्तर म्हणायचे, कारण तोंड उघडलं की पहिला शब्द 'जपून'. तीस वर्षं ते लोकांना गाडी चालवायला शिकवत होते. घरातून निघताना कुलूप तीनदा ओढून बघायचे आणि चौथ्यांदा बायकोला ओढायला लावायचे. चहा पुढे आला की आधी कपाचा कान हलवून बघायचे, न जाणो निखळला तर! मुलीच्या वाढदिवसाला केकवरच्या विझलेल्या मेणबत्तीवरही चमचाभर पाणी शिंपडणारा माणूस दुसरा कुणी असेल असं वाटत नाही.

शिकवणीच्या गाडीत शेजारच्या सीटखाली आणखी एक ब्रेक असतो, शिकवणाऱ्यासाठी. मास्तरांचा सगळा जीव त्या पेडलमध्ये. समोर माणूस, सायकल, कुत्रं, अगदी वाऱ्याने उडालेली पिशवी जरी दिसली, तरी शिकणाऱ्याच्या लक्षात येण्याआधीच मास्तरांचा पाय खाली गेलेला असायचा. दारावर पाटी होती: 'तीस वर्षांत एक ओरखडा नाही.' आणि ते खरंच होतं. त्यांचे किती विद्यार्थी परीक्षा पास झाले ते मात्र पाटीवर नव्हतं, आणि पाटीवर जागा नव्हती अशातलाही भाग नाही.

आता त्यांची स्वतःचीच मुलगी दोनदा नापास झाली होती. ती नर्स. अंथरुणाला खिळलेल्या पेशंटना घरोघरी जाऊन बघण्याचं, तिला मनापासून हवं असलेलं काम तिला मिळालं होतं. गाडी दवाखान्याची, पण परवाना हिचा हवा. गुरुवारी तिसरी परीक्षा होती. त्यात गचकली की काम यादीतल्या पुढच्या बाईला जाणार होतं.

"तो परीक्षकच खडूस आहे," मास्तर म्हणाले.

शिकवणीचं ऑफिस त्यांची बायको सांभाळायची. तिने कपाटातून एक जाडजूड फाइल काढली आणि टेबलावर आपटली. आत आजवर नापास झालेल्यांचे शेरे होते. 'ब्रेक उशिरा.' 'ब्रेक उशिरा.' 'ब्रेक लावलाच नाही.' पुन्हा 'ब्रेक उशिरा.'

"अहो, इतक्या वर्षांत परीक्षक पाच बदलले. मास्तर तेवढे तेच आहेत."

"म्हणजे काय?"

"म्हणजे त्या बिचाऱ्यांनी ब्रेक लावायचा कधी? तुम्ही लावू द्याल तेव्हा ना!"

"बाबा, खरंच," मुलगी म्हणाली. "गाडी आपली आपण थांबते, अशी माझ्या पायाला सवयच झालीय. परीक्षेत मी तिच्या थांबण्याची वाट बघत बसते."

हे मास्तरांच्या फार जिव्हारी लागलं. उद्यापासून त्या पेडलला पाय लावणार नाही, असं त्यांनी छातीठोकपणे सांगितलं. सोमवारी त्यांनी ते सतरा वेळा दाबलं. मुलीने मोजलं होतं.

"पाय माझं ऐकत नाही गं," ते ओशाळून म्हणाले.

मंगळवारी मास्तर केस कापायला गेलेले बघून बायकोने कोपऱ्यावरच्या मेकॅनिकला बोलावलं. तो गाडीत वाकून दहा मिनिटं काहीतरी करून गेला.

बुधवारी सकाळी बापलेक निघाले. पहिल्याच सिग्नलला मास्तरांनी पेडल दाबलं आणि गाडी जरा उशिरा, चांगलाच हिसका देऊन थांबली. "सैल झालाय वाटतं," असं पुटपुटून त्यांनी पुढे दुप्पट जोर लावायला सुरुवात केली. हळूहळू हिसके कमी झाले. बाजाराच्या नाक्यावर एक आजोबा फोनवर बोलत बोलत थेट गाडीपुढे आले. मास्तरांनी जीव खाऊन पेडल दाबलं. गाडी आजोबांपासून चांगली चार हात अलीकडे थांबली.

"मी होतो म्हणून वाचले!" घरी आल्या आल्या त्यांनी बायकोला सांगितलं.

बायकोने चहाच्या कपाशेजारी वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी ठेवलं. आत एक लोखंडी दांडा आणि दोन नट होते.

"हे काय?"

"तुमच्या ब्रेकचा दांडा. कालपासून माझ्या कपाटात आहे. तुमचं पेडल कशालाच जोडलेलं नाही."

मास्तरांनी दांड्याकडे पाहिलं, मग मुलीकडे. "मग ते आजोबा..."

"मीच थांबले," ती म्हणाली. "पहिल्या सिग्नललासुद्धा. तो हिसका माझा होता."

"अगं, मेलो असतो की आपण!"

"आपल्या दोघांच्या मध्ये हँडब्रेक होता, बाबा. तुम्ही त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही."

मास्तर ओरडतील असं दोघींना वाटलं होतं. पण ते दांडा पुन्हा कागदात गुंडाळू लागले. त्यांना वाईट वाटत होतं आणि पोरीचं केवढंतरी कौतुकही वाटत होतं. दोन्ही एकदम वाटायची सवय नसल्यामुळे त्यांनी कपाचा कान न तपासताच चहा पिऊन टाकला.

गुरुवारी मास्तर परीक्षा केंद्राच्या बाकावर बसून होते. तासाभराने मुलगी कागद नाचवत आली. पास! शेऱ्यात लिहिलं होतं: 'ब्रेक वेळेवर.' मास्तरांनी ते चार वेळा वाचलं, आणि शिक्का खरा आहे ना, हे खिडकीवरच्या कारकुनाला विचारून आले.

घरी जाताना ते नेहमीसारखे तिच्या शेजारी बसले. दांडा अजून कपाटातच होता. शाळेच्या कोपऱ्यावर गल्लीतून एक सायकल भसकन बाहेर आली. पेडल कशालाच जोडलेलं नाही हे मास्तरांना आता पुरतं ठाऊक होतं. तरी त्यांनी ते दाबलं, दोन्ही पायांनी.

गाडी अलगद थांबली. सायकल निघून गेली.

"थँक्यू, बाबा," मुलगी म्हणाली आणि तिने गाडी पुढे काढली.