खिडकीची कड

मी गाड्यांचा डेंटर. चाळीस वर्षं लोकांनी ठोकून आणलेली दारं आणि बॉनेटं सरळ करत आलो. पोचा दिसला की माझे हात शिवशिवतात. कुणाकडे चहाला गेलो आणि त्यांच्या फ्रिजच्या दारावर पोचा असला, तर माझं चहात लक्ष लागत नाही.

त्यामुळे रेल्वेच्या जुन्या डिझेल इंजिनाची डागडुजी करायला दर रविवारी शेडमध्ये जमणाऱ्या हौशी मंडळींनी मला हातोहात उचललं. एक रिटायर गार्ड, एक रसायन शिकवणाऱ्या बाई आणि दोन बँकवाले. हौस दांडगी, रंगाचं ज्ञान यथातथाच. गंजावरच ब्रश फिरवायला निघाले होते! मी पहिल्याच दिवशी ओरडलो, "गंजावर रंग म्हणजे तापलेल्या माणसाला पावडर लावणं. आधी खरवडा!" तेव्हापासून सगळे मला 'खरवड्या' म्हणतात.

खरं सांगायचं तर मला त्या इंजिनाचं काडीचंही प्रेम नव्हतं. उलट दावाच होता. माझा थोरला भाऊ ते चालवायचा. आई गेली तेव्हा दादा ते इंजिन घेऊन पाच तासांच्या अंतरावर होता आणि गाडी मध्येच टाकून त्याला येता येईना. तो पोचला तेव्हा सगळं आटोपलं होतं. उचलली जीभ लावली टाळ्याला, मी चारचौघांत म्हणालो, "इंजिनच तुझी आई. तिच्याकडेच जा." त्यानंतर बारा वर्षं आमचा अबोला.

मागच्या वर्षी दादा गेला. छातीत कळ आली आणि तासाभरात संपलं. मला एवढंच कळायला हवं होतं, की शेवटपर्यंत त्याच्या मनात माझ्याबद्दल अढी होती का. त्याला विचारता येत नव्हतं आणि वहिनीला विचारायला तोंड नव्हतं. मग उरलं ते इंजिन. लोखंड काय सांगणार, हे कळत होतं, तरी गेलो.

केबिनचं काम मी मागून घेतलं आणि कुणाला हात लावू दिला नाही. पत्रा बरा होता. ड्रायव्हरच्या बाजूच्या खिडकीची लोखंडी कड मात्र पार वाया गेली होती. करवतीच्या दात्यांसारख्या बारीक खाचा, एकीला लागून एक, या टोकापासून त्या टोकापर्यंत. खाचांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरली असती तर इंजिनाच्या हादऱ्याने निघून आली असती, म्हणून मी ग्राइंडर लावला. नख फिरवलं तरी कुठे अडकू नये इतकी कड सपाट केली, प्रायमर मारला, रंगाचे दोन हात दिले. गार्डसाहेब म्हणाले, "खरवड्या, तुला तोड नाही बाबा." त्या दिवशी घरी जाताना दादासाठी काहीतरी केल्यासारखं वाटलं. फार दिवसांनी बरं वाटलं.

पुढच्या रविवारी वहिनी आली. गार्डसाहेबांनी तिला मुद्दाम बोलावलं होतं. मला रंगाने माखलेला बघून ती आधी चपापली, मग हसली.

"भाऊजी, तुम्ही? आणि या इंजिनावर? हे असते तर विश्वास नसता बसला त्यांचा."

मी हात देऊन तिला केबिनमध्ये चढवलं. ती सरळ ड्रायव्हरच्या खिडकीशी गेली आणि कडेवरून बोटं फिरवू लागली. एकदा इकडून तिकडे, एकदा तिकडून इकडे. मग पलीकडच्या खिडकीशी गेली, तिथेही चाचपलं आणि परत आली.

"काही हरवलंय का?" मी विचारलं.

"खाचा होत्या इथे. ह्यांनी कानशीने पाडलेल्या. तुमच्या घरामागून लाइन जाते ना, तिथे तुम्ही अंगणात दिसलात की एक खाच. घरी आले की बूट काढायच्या आधी सांगायचे, 'आज धाकटा दिसला.' मी विचारायचे, 'बघितलं का त्याने?' तर म्हणायचे, 'पाठच दिसली गं. पण ताठ उभा होता. तब्येत बरी आहे त्याची.'"

त्या इंजिनाचा आवाज मी शंभरांत ओळखायचो. लांबून कानावर आला की गॅरेजमधलं काम टाकून मागच्या अंगणात जायचो आणि रुळांकडे पाठ करून उभा राहायचो. मुद्दाम. मी काही विसरलेलो नाही, हे त्याला कळावं म्हणून. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तसला मी.

"मी किती वेळा म्हटलं, जाऊन भेटा की एकदा," वहिनी सांगत होती. "तर म्हणायचे, 'त्याचा राग त्याचा त्याला उतरू दे. तोवर दिसतोय ना.'" तिने पुन्हा कडेवर हात ठेवला. "रंगाखाली गेल्या असतील. हा रंग काढला तर दिसतील ना हो?"

खोटं बोलता आलं असतं. पुढच्या वर्षी काढू, असं सांगून वेळ मारून नेता आली असती.

"नाही दिसणार, वहिनी. ग्राइंडरने घासल्या. मीच घासल्या."

तिने कडेवरचा हात काढून घेतला. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"किती होत्या?" तिने हळूच विचारलं. "मला कधी आकडा सांगितला नाही ह्यांनी. म्हणायचे, तूच येऊन मोज एकदा."

"मोजल्या नाहीत मी," म्हणालो आणि माझा बांध फुटला. साठी उलटलेला माणूस, केबिनच्या आताच रंगवलेल्या पत्र्याला टेकून पोरासारखा रडलो. "पण वहिनी, मी दर वेळी यायचो. एक फेरी चुकवली नाही. आवाज आला की बाहेर यायचो, शपथेवर सांगतो."

तिने रुमाल काढून आपले डोळे पुसले. मग मला म्हणाली, "एवढे दर वेळी यायचात, तर एकदा तरी वळायचं होतं ना, भाऊजी."