ओटिसचे पाइप

वेल्डिंगच्या रेघेवरून वर्नाने अंगठा फिरवला. माशाच्या खवल्यांसारख्या वळ्या, सगळ्या एका रुंदीच्या. कुठे खळगा नाही, कुठे गळलेला थेंब नाही. एखादा सापडला असता तर तिला बरं वाटलं असतं.

"बघ, बघ," तिचा नवरा लायल मागून म्हणाला. "याला म्हणतात हात!"

धुराचे ते पाइप त्याच्या क्लबातल्या ओटिसने बनवले होते आणि लायल त्यांच्यावरून असा हात फिरवत होता, जसा घोड्याच्या मानेवरून फिरवावा. भंगारातून आणलेल्या या जुन्या फोर्डचा तळ, इंजिनामागचा पत्रा, पेट्रोलची टाकी, सगळं वर्नाने केलं होतं. महायुद्धात ती विमानाच्या कारखान्यात वेल्डिंग करायची. पुरुष परतले तसं तिला घरी पाठवलं. शर्यतीच्या गाड्यांच्या त्या क्लबात लायल "सगळं मीच केलं" म्हणायचा तेव्हा ती कॉफी ओतत राहायची. ते तिने गिळलं होतं. पण तिच्या टाकीवरून त्याने कधी असा हात फिरवला नव्हता. आता जेवतानाही ओटिस आणि अंथरुणातही ओटिस.

म्हणून सकाळी जे दिसलं ते तिने स्वतःजवळच ठेवलं होतं. ओटिसने पाइप बसवले ते गाडी लोखंडी घोड्यांच्या टेकूवर उचललेली असताना, पुढची चाकं लोंबकळत असताना. गाडी स्वतःच्या वजनावर बसली की पाइप खाली येणार आणि स्टिअरिंगच्या दांड्याला भिडणार. उद्या कोरड्या तळ्याच्या सपाट मैदानावर शर्यतीआधी तपासणीच्या रांगेत चाक वळवलं की अडकेल, अख्ख्या क्लबासमोर. ओटिसचा चेहरा तिने मनात कितीदा तरी पाहून घेतला होता.

तेवढ्यात ओटिसही आला, आणि त्याने नि लायलने मिळून गाडीखालचे घोडे काढले. गाडी खाली बसली.

"उद्यापर्यंत कोण थांबतंय?" लायल आत चढला. "घाटातून एक चक्कर मारून येतो."

घाटातल्या वळणावर चाक अडकलं, तर गाडी थेट दरीत जाणार होती.

"थांब, लायल."

"का गं?"

"चाक डावीकडे वळव. पूर्ण."

त्याने वळवलं. निम्म्यावर खट्ट आवाज झाला आणि चाक पुढे जाईना.

ओटिस वाकला, मान खाजवली. "बाईसाहेबांची नजर तेज आहे हं! काही नाही, हातोड्याने जरा चपटा करू."

"चपटा केलास तर धूर कोंडेल," वर्ना म्हणाली. "आणि खड्ड्यात गाडी दबली की पुन्हा भिडेलच."

"तुला हे कधी दिसलं?" लायलने विचारलं.

"सकाळी."

 तिने नजर वळवली नाही. लाज वाटत होती, पण जळफळाट अजून तसाच होता.

"बरं," लायल म्हणाला, "ओटिस, तू आज दुसरे बनवशील ना? वर्ना तुला दिवा धरेल."

वर्नाने खुंटीवरचा वेल्डिंगचा काळा चष्मा काढला.

"दिवा ओटिस धरेल. पाइप मी बनवणार. आणि उद्या तळ्यावर कुणी विचारलं, ही गाडी कुणी बांधली, तर माझं नाव तू सांगायचंस, लायल. नाहीतर मी सांगणार आहे."