नारळ आणि एक रुपया

कापडे गावात एक रुपयाचं नाणं बंद करावं, हे पहिल्यांदा सहदेव सकपाळ बोलला. दुकान त्याचं होतं, गल्ला त्याचा होता आणि गल्ल्यात साठून राहिलेले रुपयेही त्याचेच होते. मुंबईला मसाल्याच्या दुकानात उभी उमर काढून तो टाळेबंदीत गावी आला, तो परत गेलाच नाही. घराच्या पडवीत त्यानं किराणा मांडला. दुकान बरं चालायचं. फक्त गिऱ्हाईक त्याला रुपये आणून द्यायचं आणि ते रुपये त्याच्याकडून कोणी घ्यायचं नाही. महाडहून माल घेऊन येणारा टेंपोवाला नाणी बघितली की टेंपो चालू करायचा. बँकेत पिशवी नेली की कॅशियर आधी पिशवीकडे, मग सहदेवकडे आणि मग भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचा.

शेवटी सहदेवनं गावकीच्या बैठकीत विषय काढला. देवळासमोर, पालखी टेकवायच्या सहाणेभोवती माणसं बसली होती. पाण्याच्या टाकीचं बोलून झालं होतं आणि उठायची वेळ झाली होती.

"रुपया सरकारचा हाय," अनिल मोरे म्हणाला. तो गावकीचा अध्यक्ष. "आपण कसा बंद करणार?"

"आठ आणे सरकारनं कुठं बंद केले?" सहदेव म्हणाला. "कागदावर अजून चालू हायत. तुझ्या खिशात हायत काय?"

अनिलनं खिसा चाचपला. नव्हते.

विरोध फक्त आनंदीबाईनं केला. सत्तरी ओलांडलेली ही बाई कोंबड्या पाळून, अंडी विकून आपलं आपण भागवायची. ती बसल्या जागेवरून म्हणाली, "चार आणे गेले तवा देवीचा सव्वा रुपया गेला. आता रुपया बी गेला तर देवीनं काय फोन घ्यायचा काय रे?"

माणसं हसली आणि ठराव झाला. येत्या दिवाळी पाडव्यापासून गावात एक रुपयाचं नाणं कोणी द्यायचं नाही, कोणी घ्यायचं नाही. देईल घेईल त्याला पाचशे एक रुपये दंड. तो वरचा एक कसा वसूल करायचा, असं कोणीतरी मागून विचारलं, तेव्हा दंड पाचशेवर आणला.

पाडव्याच्या आधी सगळ्यांनी घरातले रुपये सहदेवकडे आणून बदलून घेतले. सहदेवनं ती गोणी रिक्षात घालून महाडला नेली आणि मुंबईच्या जुन्या मालकाच्या ओळखीनं एका पेट्रोलपंपावर खपवली. त्यानंतर शांपूच्या पुड्या जोडीनं विकल्या जाऊ लागल्या, गोळ्याही जोडीनं. गावाला काही फरक पडला नाही. सहदेवला मात्र पडला. गल्ला हलका झाला, हिशोब सोपा झाला, आणि शेजारच्या गावचे दुकानदार येऊन ठराव कसा केला ते विचारू लागले. तो त्यांना चहा पाजून सांगायचा. सांगताना आवाज जरा खाली आणायचा.

त्याच सुमारास त्याच्या मुलीचं जमलं. अक्षदा महाडला औषधाच्या दुकानात कामाला होती. मुलगा हर्षद, औद्योगिक वसाहतीत केमिस्ट, राहणार वीर गावी. दोघांनी एकमेकांना आधीच बघून ठेवलं होतं, त्यामुळे मोठ्यांना फक्त पसंत करायचं काम उरलं. मुलाचे वडील भागोजी कदम एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. माणूस सरळ. बोलणी करायला आले तेव्हा सहदेवनं हात जोडून विचारलं, "आपली काय अपेक्षा?"

"नारळ आणि एक रुपया," भागोजी म्हणाले.

सहदेवची बायको वैशाली दाराआड उभी होती. तिनं देव्हाऱ्याकडे बघून हात जोडले. ह्या दिवसासाठी सहदेवनं मुंबईतल्या मालकाकडे मुदत ठेव ठेवली होती. तिला हात लावायची वेळ येणार नव्हती. भागोजींचा एक रुपया म्हणजे कोणता रुपया, हे त्या आनंदात त्याच्या डोक्यातच आलं नाही. ते आलं साखरपुड्याच्या सकाळी. वैशाली ताट मांडत होती. हळद, कुंकू, सुपारी, नारळ सगळं जागच्या जागी ठेवून ती म्हणाली, "आणि रुपया द्या."

सहदेवनं गल्ला उघडला. मग बंद केला.

त्यानं आधी घर शोधलं. फडताळ, जुन्या पँटी, अक्षदेच्या लहानपणीचा मातीचा गल्ला. मग तो अनिलकडे गेला. अनिलकडे नव्हता. अध्यक्षाकडेच सापडला असता तर वाईट दिसलं असतं, असं अनिल म्हणाला. दोन-चार घरं फिरून सहदेव शेवटी आनंदीबाईच्या दारात उभा राहिला. तिनं बदलून घ्यायला रुपये आणले नव्हते, हे त्याच्या लक्षात होतं.

"काकी, एक रुपया हाय काय?"

आनंदीबाई कोंबड्यांना तांदूळ टाकत होती. ती थांबली नाही. "कशाला? बंद हाय ना तो?"

"अक्षदेच्या ताटात ठेवायला पायजे. व्याह्यांनी तेवढाच मागितलाय."

हे ऐकून मात्र तिचा हात थांबला. तिच्या तोंडावर हसू नव्हतं, हे सहदेवला जास्त लागलं. "होते रे बाबा," ती म्हणाली. "तुझी मीटिंग झाली त्याच्या दुसऱ्या दिशी सगळे देवीच्या पेटीत टाकले. म्हटलं, तुला देन्यापरीस तिला दिलेले बरे."

पेटीला दोन कुलपं होती. एकाची किल्ली गुरवाकडे आणि दुसरी मुंबई मंडळाच्या खजिनदाराकडे घाटकोपरला. पेटी शिमग्याला उघडायची. गुरवानं आपली किल्ली लगेच काढून दिली. तिचा काही उपयोग नव्हता.

तोवर वीरची माणसं आली. मांडवात पाणी झालं, पोहे झाले, भटजींनी घड्याळ बघितलं. सहदेवनं भागोजींना बाजूला घेतलं आणि ठराव सांगितला. तो त्यानं आजवर बऱ्याच लोकांना सांगितला होता, पण इतका भराभर कधी नाही.

भागोजींनी सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे गावात रुपया नाही?"

"नाय."

"एकही?"

"देवीकडं हायत. पण किल्ली घाटकोपरला."

अक्षदेनं तोडगा काढला. तिनं बसल्या बसल्या फोनवरून हर्षदला एक रुपया पाठवला. हर्षदनं फोन वडिलांपुढे धरला. "हा बघा, आला."

"तुझ्याकडं आला," भागोजी म्हणाले. त्यांच्याकडे बटणांचा फोन होता. "मी सगळ्या वीरला सांगितलंय की नारळ आणि रुपया हातावर घेणार. फोटोवाला आणलाय. फोटोत तो रुपया दिसणार कुठं?"

मग हर्षदनं दुसरं सुचवलं. सासऱ्यांनी पाचचं नाणं द्यावं, आपण दोन-दोनची दोन परत द्यावीत.

"ही दुकानदारी झाली," भागोजी म्हणाले. "पाच घ्या, चार द्या, हे मी उभा जन्म गाडीत ऐकलंय. मुलाच्या साखरपुड्यात ऐकणार नाही."

मांडवात कुजबुज सुरू झाली. मागच्या रांगेत, देण्याघेण्यावरून अडलंय, अशी बातमी गेली. कोणीतरी, काय मागतायत, असं विचारलं आणि कोणीतरी, एक रुपया, असं सांगितलं. विचारणाऱ्याला ते खरं वाटलं नाही. सहदेवच्या कानाच्या पाळ्या तापल्या. मुलीकडे बघायचं धाडस त्याला होईना. ती खुर्चीवर सरळ बसून होती आणि समोरच्या रांगोळीवर तिनं नजर ठेवली होती, औषधाच्या दुकानात भांडखोर गिऱ्हाईक आलं की ठेवायची तशी.

भटजी म्हणाले, वेळ टळतेय.

वैशाली उठली. तिनं देव्हाऱ्यातलं, कळसाखालचं दोन रुपयांचं नाणं काढलं, नारळाला लावलं आणि भागोजींच्या हातात ठेवलं. "एक तुम्ही मागितलेला," ती म्हणाली. "एक तुमच्याकडं राहिला. सवडीनं द्या."

हातात आलेला शुभकार्याचा नारळ कोणी खाली ठेवत नाही. भागोजी तसेच उभे राहिले. फोटोवाल्यानं फोटो काढला. एक रुपया तिथल्या तिथे परत द्यावा म्हणून वरपक्षातल्या बायकांनी पर्सा उलट्या केल्या. नोटा निघाल्या, सेफ्टी पिना निघाल्या, खोकल्याची गोळी निघाली. रुपयाचं नाणं एकीकडेही नव्हतं. वीरला कसला ठराव झालेला नव्हता, पण तिथले रिक्षावालेही हल्ली फोनवरच घ्यायचे.

भागोजींनी भटजींपुढची यादी ओढली, ती उलटी केली, खिशातलं पेन काढलं आणि मागच्या बाजूला लिहिलं, 'रु. १ देणे'. खाली सही केली. मग कागद सहदेवच्या हातात देत, वर न बघता म्हणाले, "उतरताना घ्या."

हे वाक्य आपलं गाडीतलं, हे नंतर त्यांच्या लक्षात आलं. पण तोवर अक्षदेच्या बोटात अंगठी गेली होती आणि सगळे टाळ्या वाजवत होते.

वीरला ही गोष्ट भागोजींच्या आधी पोचली. त्यांनी समाजाच्या मेळाव्यात हुंड्याविरुद्ध भाषणं केली होती. आता लोक त्यांना पारावर थांबवून विचारू लागले, भागोजीराव, बोलणी एकाची झाली होती ना? मग दोन कसे घेतलेत? दुप्पट झाले की! रविवारी भागोजी महाडला गेले आणि पोलादपूरच्या गाडीत बसले. तिकिटाचे पैसे देताना त्यांनी कंडक्टरकडून एक रुपया हट्टानं मागून घेतला. कंडक्टरनं चामड्याच्या पिशवीच्या तळाशी हात घालून तो काढला आणि ह्या माणसाला पूर्वी कुठंतरी पाहिलंय, अशा नजरेनं बघितलं.

कापड्यात ते दुकानासमोर उभे राहिले तेव्हा बाकावर तीन-चार माणसं होती.

"हा तुमचा रुपया," भागोजींनी हात पुढे केला.

सहदेवचा हातही पुढे आला आणि अर्ध्यात थांबला. बाकावरची माणसं बघत होती. "व्याही," तो हळू म्हणाला, "मला गावात घेता येत नाय. पाचशे दंड हाय. ठराव माझाच हाय."

"मग मी काय करू?"

"हद्दीबाहेर घेतो."

दोघं निघाले. गावची हद्द ओढ्यावरच्या साकवाशी संपायची. वाट उतरणीची होती, दोन्ही बाजूला कापलेली भातशेती. मग इतके दिवस मनात असलेलं सहदेवनं विचारलं, "व्याही, राग मानू नका. पण काहीच नको, असं का नाय म्हणालात? रुपया तरी कशाला?"

भागोजी चालत राहिले. "थोरल्याच्या वेळी म्हटलं होतं काहीच नको. मुलीकडच्यांनी डॉक्टरकडे चौकशी केली. शेजारी विचारलं, मुलाला फिट बिट येते काय. जमलेलं मोडलं. मग कळलं, काहीच मागितलं नाही की लोक घाबरतात. रुपया मागितला की मागणी झाली. माणसं निवांत होतात."

"मी झालो होतो," सहदेव म्हणाला.

"बघा."

साकव ओलांडून ते पलीकडे उभे राहिले. भागोजींनी रुपया दिला, सहदेवनं घेतला. भागोजींनी तो कागद परत मागितला, त्यावर आडवी रेघ मारली आणि खिशात घातला. इतका वेळ ताठ असलेले त्यांचे खांदे तेव्हा खाली आले. सहदेवनं ते पाहिलं आणि त्याला ह्या माणसाबद्दल एकदम माया वाटली. आपली मुलगी बऱ्या घरात चालली आहे, हे त्याला बोलणीच्या दिवशी समजलं होतं, पण पटलं ते साकवावर. "जेवूनच जायचं," तो म्हणाला. भागोजी नको म्हणाले आणि जेवायला आले.

लग्न महाडच्या हॉलमध्ये झालं. अक्षदा निघताना रडली नाही. सहदेव रडला, आणि हर्षदनं त्याला पाण्याची बाटली दिली. रात्री घरी आल्यावर वैशालीनं आहेराची पाकिटं जमिनीवर ओतली. एकशे एक, दोनशे एक, पाचशे एक. प्रत्येक पाकिटाच्या कोपऱ्यावर छापखान्यानंच एक रुपया चिकटवलेला. ती एकेक नाणं नखानं सोलत गेली आणि परातीत टाकत गेली. सहदेव समोर बसून परात भरताना बघत होता.

"आता ह्यांचं काय करायचं?" तिनं विचारलं.

लेकीच्या लग्नाचा आहेर पेट्रोलपंपावर नेऊन देणं सहदेवला बरं वाटेना.

दोन दिवसांनी त्यानं दुकान उघडलं. घर मोकळं वाटत होतं, गल्ला भरलेला होता. आनंदीबाई आली, तिनं नऊ रुपयांचं काहीतरी घेतलं आणि दहाचं नाणं पुढे केलं. एरवी तो वर एक गोळी द्यायचा. आज त्यानं गल्ल्यात हात घातला आणि एक रुपया तिच्यापुढे ठेवला. बाकावर अनिल बसला होता. तो रस्त्याकडे बघू लागला.

आनंदीबाईनं नाणं उचललं, उजेडाकडे धरलं.

"ह्याला डिंक लागलाय रे."

"पुसून घे, काकी."

तिनं पदरानं पुसून घेतलं.

शिमग्याला गावकी बसली तेव्हा सहदेवनं आपण होऊन पाचशे रुपये सहाणेवर ठेवले. कशाचे, ते कोणी विचारलं नाही. त्यातून देवळाच्या पायरीवरचा दिवा दुरुस्त झाला. ठराव मागे घेण्याचा विषय काही निघाला नाही, कारण पाण्याच्या टाकीचं बोलणं फार लांबलं. तो ठराव कापड्यात अजून आहे. रुपयाही चालतो.