काळी क्लिप

बॅटरीवर चालणाऱ्या चाकाच्या खुर्चीची मागची चाकं ठोकळ्यांवर उचललेली होती. मामा एका फळीने चाक दाबून धरत होता, म्हणजे मोटरला चढावरच्यासारखा जोर लागावा.

"बोल ठमे, किती?"

"सप्लाय दहा अँपिअर म्हणतोय. बाबांचा बोर्ड साडेनऊ."

"अजून साडेनऊच? हट्टीपणात अगदी भाऊजींवर गेलाय."

खुर्ची ज्यांची, त्या बाई बाकावर बसून आमची तारांबळ बघत होत्या. जुन्या मीटरने बॅटरी भरपूर दाखवली आणि भर चढावर खुर्ची बंद पडली, तेव्हापासून नव्या मीटरसाठी त्यांनी बाबांच्या मागे लकडा लावला होता. बाबांनी खर्च झालेला करंट मोजून उरलेली बॅटरी सांगणारा बोर्ड केला. तपासायचा राहिला आणि ते गेले. आज तो चुकीचा निघाला, तर मामा बाजारातला तयार मीटर बसवणार होता. बाबांचं शेवटचं काम कपाटात जाणार होतं. मामाचं चुकत नव्हतं. चढावर अडकायचं होतं ते बाईंना.

"शेवटी शेवटी भाऊजींचा हात थरथरायचा," मामा हळूच म्हणाला.

"त्याने सोल्डर वाकडं पडेल, मामा. आकडा नाही."

"मग कमी का दाखवतोय?"

मी पुन्हा बोर्डावर वाकले. करंट मोटरकडून परत जातो त्या वाटेत बाबांनी एक छोटी पट्टी बसवली होती, तिला शंट म्हणतात. करंट गेला की तिच्या दोन टोकांमध्ये कणभर व्होल्टेज उभं राहतं, आणि अ‍ॅम्प्लिफायर ते मोठं करून दाखवतो. तेच कणभर व्होल्टेज डोळ्यांनी बघावं म्हणून मी ऑसिलोस्कोप, म्हणजे व्होल्टेजचा आलेख पडद्यावर दाखवणारं यंत्र, जोडला होता. त्याची काळी क्लिप शंटच्या मोटरकडच्या टोकाला.

ती जरा सैल वाटली, म्हणून काढली.

आकडा दहावर गेला.

लावली. साडेनऊ. काढली. दहा.

"मामा, फळी सोडू नकोस!"

"सोडतोय कसला, कंबर धरलीये माझी."

"ही क्लिप भिंतीला जोडलेली आहे!"

"भिंतीला? तुझ्या हातात तर दिसतेय."

मी भराभर बोलत सुटले. क्लिप आतून स्कोपच्या प्लगमधल्या अर्थिंगला जोडलेली. बॅटरीऐवजी जोडलेल्या आमच्या सप्लायचं मायनसही अर्थिंगलाच. म्हणजे परत जाणाऱ्या करंटला मीच दुसरी वाट काढून दिली होती. बहुतेक करंट शंटमधून जात होता आणि थोडा माझ्या क्लिपमधून, भिंतीतून वळसा घालून. बोर्डाच्या वाटेने साडेनऊच जात होता, म्हणून तो साडेनऊ सांगत होता.

"म्हणजे खरं तेच बोलत होता की बिचारा," बाई म्हणाल्या. "आणि माझ्या खुर्चीला कुठे भिंत असते?"

"तोंडाने नको, करून दाखव," मामा म्हणाला.

मी सप्लाय सोडवला आणि खुर्चीची बॅटरी जोडली. आता करंटला भिंतीतून परतायची वाटच उरली नव्हती. क्लिप लावली, काढली, परत लावली. आकडा जागचा हलला नाही. मग टेबलाच्या खणातून बाबांचा क्लॅम्प मीटर काढला, तारेला न जोडताच करंट मोजणारा. झाकणाला रबरबँड, आत सेल, भिंतीत लावायचा प्लगच नाही. त्याचा जबडा तारेभोवती धरला. बोर्डावर दहा, मीटरवरही दहा!

मामाने फळी टाकली. तो मीटर हातात घेऊन बघत राहिला.

"मी एवढा स्कोप आणून दिला, तरी भाऊजी हे खेळणंच घेऊन बसायचे. मला वाटायचं, मेहुण्याने निवडला म्हणून हात लावत नाहीत. खरं कारण सांगायचं तरी!"

"तू विचारायचंस तरी."

"तुमचं भांडण आटोपलं असेल तर माझी खुर्ची द्या," बाई म्हणाल्या.

बोर्ड पक्का बसवला, खुर्ची ठोकळ्यांवरून उतरवली. दारापुढचा रस्ता चढाचा आहे. बाई खुर्चीत बसल्या आणि थेट निघाल्याच. तारेला लावलेला मीटर माझ्या हातात, त्यामुळे मलाही निघावं लागलं.

"बाई, हळू!"

"चढावर हळू? आणि पुन्हा अडकू?"

मी खुर्चीला धरून धावत होते. बारा, बारा! चौदा, चौदा! बोर्डाचा आणि मीटरचा, दोन्ही आकडे ओरडून सांगत होते. मामा केव्हाच मागे पडला होता, त्याला ते ऐकूही जात नसावेत. तरी मी सांगत होते.