अठरावा कोंब

चढावावर आल्यावर सुंकम्माला आधी दिसली ती बैलांची शिंगं. निळ्या-तांबड्या रंगाने रंगवलेली, टोकांना झेंडूच्या माळा. त्यात नवल काहीच नव्हतं. एरुवाकाची पौर्णिमा होती, आणि त्या दिवशी गावात ज्याच्या दावणीला बैल तो त्यांना सजवतो आणि हंगामाचं पहिलं तास धरतो. नवल होतं ते बैलांमागून चालणाऱ्या माणसाचं. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, डोक्याला टॉवेल, आणि डावा खांदा जरासा खाली टाकून चालायची ती ढब. ती ढब तिने हजार माणसांत ओळखली असती.

"बावा आला," ती पुटपुटली आणि कडेवरच्या बुज्जीला घट्ट धरून उताराला लागली.

मद्दिलेटी तिच्या आत्याचा मुलगा. लग्नाआधीपासून ती त्याला बावाच म्हणायची, लग्नानंतरही तेच राहिलं. सलग तीन वर्षं भुईमुगाने पाठ फिरवली तेव्हा तो बेंगळुरूला एका मोठ्या सोसायटीत राखणदार म्हणून गेला. बुज्जी तेव्हा झोळीत होती, आता चौथं लागलं होतं. या काळात तो दोनदाच घरी आला, दोन्ही वेळा संक्रांतीला, दोन्ही वेळा दोनच दिवस. पहिल्यांदा निघताना बसच्या पायरीवरून हसत म्हणाला होता, "शेताने वर्षभर दर आठवड्याला पगार दिला ना सुंकी, तर मी दुसऱ्याच्या फाटकावर कशाला उभा राहीन?"

तो बोलला थट्टेत, पण तिने ते बोलणं पदराला गाठ मारून ठेवलं.

निम्मा उतार उतरल्यावर तिचे पाय आपोआप मंदावले. बैल चालत होते ते घराजवळच्या तुकड्यात. सकाळी ती बायांच्या बीज-संघाच्या कामाला शेजारच्या गावी गेली तेव्हा तो तुकडा गुडघाभर हिरवा होता. आता विहिरीपासून चिंचेपर्यंत सगळा लाल. सरळ, सुरेख, एकसारखी तासं. हिरवं म्हणून काही उरलंच असेल तर ते कडेला, बांधालगत.

तो तुकडा हिरवा करायला तिला दोन वर्षं लागली होती. आपल्या वर्षात भोक कुठे आहे ते तिला पक्कं ठाऊक होतं. पावसाळ्यानंतर शेंगा, राळा, तूर, मग हिवाळी भाज्या, काही ना काही असायचं. पण उन्हाळा कडक झाला की आषाढ लागेपर्यंत टोपलीत घालायला काही नसे, आणि बाजारातलं गिऱ्हाईक एकदा दुसऱ्या टोपलीकडे वळलं की परत बोलवावं लागतं. म्हणून यंदा चैत्रात, आभाळात ढगाचा ठिपका नसताना, तिने अठरा जातींचं बी एकत्र केलं, माती, शेण आणि राखेत घोळवून त्याच्या गोळ्या केल्या, तुकड्यात फेकल्या आणि वर भुईमुगाच्या टरफलांचं पांघरूण घातलं. अख्खं गाव हसलं. ओबुलेसु तर वाटेत थांबून म्हणाला होता, "सुंकम्मा उन्हाला बी चारतेय. पोट भरलं त्याचं की सांग." पण पहाटेच्या दवावर आणि वळवाच्या दोन शिंतोड्यांवर अंबाडी उठली, माठ उठला, चवळी पसरली, आणि तिच्या सावलीत एरंड नि तूर उभी राहिली. भर दुपारी त्या पानांखाली हात घातला तर माती गार लागायची. बुज्जी तिथेच लोळायची, तिथेच एकेका पानाचं नाव शिकली.

दर शुक्रवारी पत्तिकोंड्याच्या बाजारातून परत आली की सुंकम्मा पत्र्याच्या डब्यात एक चिंचोका टाकायची. आपल्या मातीतून निघालेली एक टोपली, एक चिंचोका. आजवर पंचेचाळीस झाले होते. बावन्न झाले की ती त्याला फोन करणार होती. उरलेले सात आठवडे त्या तुकड्यात उभे होते.

तिला पाहून मद्दिलेटीने कासरा ओढला. चेहराभर हसू होतं. पहाटेच्या गाडीने आलो, म्हणाला, कुणाला कळवलं नाही, ओबुलेसुची जोड मागून आणली, आणि तू यायच्या आत उरकायचं ठरवलं.

"काय गं, तीन वर्षं तणात बसलीस? बघ आता. ताटासारखं केलंय."

सुंकम्माने त्याच्या हातांकडे पाहिलं. त्याच्या तळहातांना फोड आले होते. सवय सुटलेल्या हातांना येतात तसे, ओले, ताजे.

बोलली ती बुज्जी, बापाला फोनवरच ओळखणारी. कडेवरूनच खाली वाकून तिने तासाकडे बोट केलं आणि आईच्या कानात, पण सगळ्यांना ऐकू येईल असं विचारलं, "फोनमधल्या नान्नांनी आपली अंबाडी का पुरली?"

"अंबाडी?" तो हसला. "ते गवत गं."

"चवळी पण पुरली," बुज्जी म्हणाली. "माठ पण."

सुंकम्मा म्हणाली, ऊन फार आहे, बैलांना पाणी दाखव, आणि घरात गेली.

चुलीपाशी तिची आत्या, म्हणजे सासू, नरसम्मा, पाठ करून बसली होती. ती सकाळपासून घरीच होती. तिला त्या तुकड्याचा प्रत्येक वाफा माहीत होता, शुक्रवारच्या जुड्या बांधायला तीच तर बसायची.  म्हातारीच आधी बोलली.

"तीन वर्षांनी नांगराला हात लावला गं त्याने. खांद्यावर घेऊन निघाला, बापासारखा दिसला. माझ्याच्याने नाही म्हणवलं नाही."

सुंकम्मा तिच्याशेजारी बसली. रागवावं तर कुणावर? नांगरलेलं रान म्हणजे राखलेलं रान, तण म्हणजे घरधन्याची बेअब्रू, हे त्याला लहानपणापासून याच आत्याने शिकवलं होतं. आणि तिला स्वतःलाही. संघातल्या बायांनी हे उलटं करायला सांगितलं तेव्हा पहिलं वर्षभर शेताकडे पाहून तिचे हात शिवशिवायचे, उपटून टाकावं वाटायचं. तो तर या दोन वर्षांत इथे नव्हताच. तिच्या मनात भलतीच भीती बसली होती. तिने एक शब्द वाकडा बोलायचा, आणि त्याने समजायचं की ही जमीन आता आपली राहिली नाही. मग बावन्न काय नि शंभर काय, तो परत कशाला येईल?

जेवताना संगटी, म्हणजे नाचणीच्या पिठाचा घट्ट गोळा, नि ताक वाढलं. रोजची अंबाडीची चटणी नव्हती.  जेवण झाल्यावर सुंकम्मा भांडी घेऊन बाहेर गेली, आणि म्हातारीने फळीवरचा डबा काढून मुलापुढे ठेवला. काय बोलली ते सुंकम्माला ऐकू आलं नाही, चिंचोके हलवल्याचा आवाज तेवढा आला.

ती विहिरीवरून परतली तेव्हा मद्दिलेटी शेतात उकिडवा बसला होता. ढेकळं बाजूला सारून पुरलेली रोपं ओढून काढत होता, झटकत होता, एका ओल्या गोणपाटावर ठेवत होता. तिला वाटलं होतं तसं तो रागावला नव्हता, रडतही नव्हता. फक्त घाई होती.

"यातलं कोणतं विकलं जातं?" मान वर न करता त्याने विचारलं.

"ते नको, तो एरंड आहे. तो कोण खाईल?"

"मग हे?"

"ते गवत."

"म्हणजे थोडं तरी गवत होतंच."

"थोडं होतं," ती म्हणाली आणि त्याच्याशेजारी बसली.

उन्हं कलेपर्यंत दोघं तासातासाने सरकत राहिली. नरसम्मा बांधावर जुड्या बांधत होती, बुज्जी पाणी शिंपडत होती, रोपांवर कमी नि स्वतःवर जास्त. मध्येच तो म्हणाला, "सोसायटीत एवढी मोठी हिरवळ आहे. रोज दोन तास पाणी घालतो. कुणी खात नाही, गाईला पण देत नाहीत. मला वाटायचं, परत गेलो की पहिल्यांदा आपलं रान साफ करीन." थोडं थांबून म्हणाला, "मला माझंच शेत ओळखू आलं नाही, सुंकी."

तिने नुसता त्याचा हात धरून फोड पाहिला, आणि त्यावर पदराची चिंधी बांधली.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, उजाडताच तिने संघाच्या वाट्याच्या बीजगोळ्यांचं गाठोडं सोडलं. नांगरलेल्या तुकड्यात त्याच्याकडूनच त्या फेकून घेतल्या, टरफलं पसरवून घेतली. मग बाजाराची टोपली भरली. तीन वर्षांत तिने एक युक्ती शिकून घेतली होती. टोपली ओट्याच्या कडेवर ठेवायची, आपण खाली वाकून डोकं तिच्याखाली घालायचं आणि सावकाश उठायचं. ती तशी वाकणार तोच त्याने टोपली दोन्ही हातांनी उचलली आणि तिच्या डोक्यावर ठेवली. वाटभर ती बोलली नाही. मान ताठ ठेवावी लागते, हे निमित्त बरं होतं.

बाजारात त्याने पाहिलं की तिला हाक मारावीच लागत नाही. शाळेतल्या बाई आल्या आणि सुकलेली जुडी पाहून भुवया उंचावल्या. "आज पानांनी मान टाकली की, सुंकम्मा." सुंकम्मा काही बोलायच्या आत मद्दिलेटी म्हणाला, "माझी चूक झाली अम्मा. पुढच्या खेपेला बघा." बाईंनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं, "म्हणजे हेच ते होय," एवढंच म्हणाल्या आणि दोन जुड्या घेऊन गेल्या. अकराला टोपली रिकामी झाली. साडेअकराला त्याची बेंगळुरूची बस होती. पायरीवरून या वेळी तो थट्टा करत नव्हता.

त्या दिवशी तिने सेहेचाळिसावा चिंचोका टाकला. पुढच्या शुक्रवारी शेतात विकण्याजोगं काही नव्हतं. संघातल्या चौघीजणींनी आपापल्या शेतातली एकेक ओंजळ आणून तिची टोपली भरली, म्हणाल्या, गिऱ्हाईक तुझं एकटीचं नाही, आपल्या सगळ्यांचं आहे, जागा मोकळी ठेवायची नसते. टोपली गेली, विकली गेली. पण डब्यात तिने काही टाकलं नाही. माती आपली नव्हती.

त्याआधीच, तो गेल्यापासून सहाव्या दिवशी संध्याकाळी, फोन आला होता. आधी आठवड्यातून एकदा यायचा. त्याने तब्येत विचारली नाही, पाऊस विचारला नाही.

"माझ्या तुकड्यात काही उगवलं का?"

खरं तर पाऊस पडून चारपाच जाती एकदम वर आल्या होत्या. सुंकम्मा दारात उभी राहून त्या कोवळ्या कोंबांकडे बघत राहिली, आणि तिला काय सुचलं कोण जाणे.

"मूग आला," ती म्हणाली.

"बाकीचं?"

"उद्या बघते."

दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन आला. तिने चवळी सांगितली. तिसऱ्या दिवशी राळा. रोज एक. तो पान कसं आहे विचारायचा, किती बोटं उंच विचारायचा. एकदा सांगत होता, सोसायटीच्या हिरवळीचा एक कोपरा त्याने न कापता सोडून दिला, तिथे फुलपाखरं आली, आणि साहेबांनी भरपूर झापलं. दोघं पोटभर हसली. फोन ठेवल्यावर घर मोठं वाटायचं. ती पुन्हा तुकड्यात जायची, उद्या कोणतं नाव द्यायचं ते ठरवायची, आणि उरलेली नावं बोटांवर मोजायची.

मधल्या एका दुपारी तिने पाहिलं, नरसम्माने चिंचोक्यांचा डबा बुज्जीला खेळायला दिला होता. अर्धे अंगणात, काही कोंबडीच्या पायांत. सुंकम्माने ते गोळा केले नाहीत.

अठराव्या, म्हणजे शेवटच्या नावाच्या दिवशी फोन वाजला तेव्हा हातातला झाडू तसाच टाकून ती धावली.

"आज काय?"

"आज एक कोंब आहे, बावा. कशाचा ते मला ओळखू येत नाही."

 सुंकम्माला ओळखू येणार नाही असा कोंब त्या तालुक्यात उगवला नव्हता, हे तोही जाणत होता.

"पान कसं आहे?"

"पानासारखं आहे."

"दोडका आहे तो," बुज्जी तिच्या पायाशी बसून मोठ्याने म्हणाली. सुंकम्माने तिच्या तोंडावर हात ठेवला.

"कोण बोललं?"

"कुणी नाही. लहान आहे ती, तिला काय कळतंय."

तो हसला. मग हसणं थांबलं. कुठेतरी मोटारीचा भोंगा वाजला, फाटक उघडल्याचा आवाज आला, मिटल्याचा आला.

"शुक्रवारी टोपली फार जड असते का गं?"

"नाही. एकटीला झेपते." तिने ओट्याच्या कडेकडे पाहिलं. मग तीन वर्षांत जे कधी बोलली नव्हती ते बोलली. "डोक्यावर चढवायला मात्र कुणीतरी लागतं."

त्याने फोन ठेवला नाही. तिला नुसतं ऐकू येत होतं, तो चालतोय, कुणालातरी थांबवतोय, आणि विचारतोय की पत्तिकोंड्याची पहाटेची गाडी कुठून सुटते.