डावा अंगठा

आठवड्यातला तिसरा कौलही उजवाच पडला, तेव्हा सावळाराम गुरवाने देवाकडे बघण्याआधी स्वतःच्या अंगठ्याकडे पाहिलं.

पासली गावात भैरवनाथाला कौल लावायचं काम त्याच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. झेंडूच्या दोन पाकळ्या भिजवायच्या, दोन्ही अंगठ्यांनी एकदमच देवाच्या दोन खांद्यांवर दाबून चिकटवायच्या आणि प्रश्न विचारायचा. देवाची उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. आता देवाचा उजवा खांदा म्हणजे समोर बसलेल्या गुरवाची डावी बाजू. आणि भातकापणीत विळा लागल्यापासून सावळारामाच्या डाव्या अंगठ्याला चिंधी होती, त्यात जोर म्हणून नव्हता. तेव्हापासून भैरवनाथ कुणाला नाही म्हणेना. गेनूच्या म्हशीला हो, हनुमंताच्या बोअरला हो. गाव खूश होतं. सावळारामाची मात्र झोप उडाली.

म्हणजे इतकी वर्षं बोलत होतं कोण? देव, की अंगठा? आणि अंगठाच बोलत असेल, तर अंगठ्यातून कोण बोलत होतं? खरं सांगायचं तर त्याला भीती वाटली नाही, नवल वाटलं. येताजाता तो आपला हात उलटासुलटा करून बघायचा. देवावरचा त्याचा विश्वास होता तिथेच होता. डळमळला तो स्वतःवरचा.

अशात एका सकाळी सगुणाबाई नारळ घेऊन आली.

"भावजी, आमृत पुन्याला ये म्हनतोय. कायमची. जमीन वाट्यानं द्यायची आन् घराला कुलूप. नाथाला इचारा, जाऊ का म्हनून."

सावळारामाने नारळ घेऊन देवापुढे ठेवला. पंचवीस-तीस वर्षांमागे, नवरा गेल्यावर, तान्ह्या अमृतला काखेला मारून ही बाई याच पायरीवर बसली होती. भाऊ पुण्याला बोलावत होता. सावळारामाने लावलेला कौल डावा पडला. ती राहिली, खाचरं कसली, पोर वाढवलं आणि नाथाला कधी बोल लावला नाही. सावळाराम तेव्हा तरणाताठा होता. त्याचं लग्न पुढे जमलंच नाही, आणि त्याबद्दल त्याने देवाला कधी विचारलंही नाही. सगुणाबाई पाण्याला जाताना देवळावरून जायची, तेवढ्यावर त्याचा दिवस बरा जायचा.

आज त्याने लावला तर कौल उजवा पडणार हे उघड होतं. चिंधी सोडून, कळ सोसून जोर लावला, तर कदाचित डावा. कौल आपल्या हातात आहे हे त्याला आज पहिल्यांदा कळत होतं, आणि आजच त्याचा हात पुढे होईना.

"वैनी, तुमीच लावा," तो म्हणाला.

"म्या? बाईमानसानं?"

"आंगठा ठणकतोय माजा. नाथाला काय, हात त्यो हातच."

सगुणाबाईने पदर खोचला आणि पाकळ्या भिजवल्या. जन्मभर भाताची रोपं चिखलात रोवलेले अंगठे ते. तिने दोन्ही पाकळ्या अशा दाबल्या की जणू खाचरातच उभी आहे. मग दोघं बसून राहिली. समईत दुसऱ्यांदा तेल घालून झालं, तरी पाकळ्या ढिम्म हलेनात.

"नाथ बोलंना की वो."

"नाथ म्हनत आसंल, तुमचं तुमी बगा."

"आसं कुठं आसतं व्हय?" ती हसली. "तुमाला काय वाटतं, भावजी?"

सावळारामाला हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. गुरवाला काय वाटतं याच्याशी गावाला काय देणंघेणं?

"जाऊ नगा, आसं वाटतं," तो म्हणाला. "तवाबी वाटत हुतं. तवाचा डावा कौल नाथानं पाडला का माज्या आंगठ्यानं, नाथाची आन, मला ठावं न्हाई."

सगुणाबाई त्याच्याकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. हरवलेली वस्तू आपल्याच घरात सापडावी, तसं काहीतरी होतं.

"मंग तवाच बोलायचं की. देवाला कशाला मदी घातला? नुसतं तुमी म्हनला आसता, तरी ऱ्हायले आसते म्या."

सावळारामाने समईची वात पुढे सारली. मग त्याने हळूच विचारलं, "आन् आता?"

"आता जाते. नातीपाशी कुनी न्हाई." तिने देवापुढे कपाळ टेकलं. "पर ह्ये माजं म्या ठरीवलं. कुनी इचारलं तर नाथाचं नाव घिऊ नगा."

ती पायऱ्या उतरली. वळणाआड होईपर्यंत सावळाराम देवळाच्या दारात उभा राहिला. मग आत आला, तर देवाच्या पायाशी अगदी मधोमध एक पाकळी पडलेली. वर बघितलं असतं, तर कोणत्या खांद्यावरची गळली ते कळलं असतं.

त्याने मान खाली ठेवूनच पाकळी उचलली, समई शांत केली आणि दार ओढून घेतलं.